चार बोटं उंच खुर्ची

प्रिय खारुताई,

तुझी वरची खोली अजून रिकामी आहे ना? हे गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, कधीही ये, कुणाला विचारत बसू नकोस. तेव्हा मी नुसती मान हलवली आणि सासऱ्यांजवळ इथेच राहिले. आता मात्र त्या खोलीचं विचारायची वेळ आलेली दिसते. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि "झालं हिचं सुरू" म्हणतेस. कागदावर तुला तसं करता येणार नाही, तेव्हा मुकाट्यानं वाच.

आमच्या घरात काहीतरी शिजतंय. माझे सासरे दिवाणखाना सजवतायत! हो, तेच सासरे. जन्मभर दगडकाम केलेला माणूस. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं, त्यामुळे दिवाणखान्याच्या भिंती दगडाच्या, फरशी दगडाची आणि बसायला भिंतीतूनच पुढे काढलेला लांबलचक दगडी ओटा. हिवाळ्यात तिथे बसणं म्हणजे कोरड्या विहिरीत उतरून बसणं. सासूबाई बिचाऱ्या एक सतरंजी मागून मागून गेल्या. चांगला दगड झाकायचा नसतो, एवढंच उत्तर त्यांना मिळायचं. आमचे हे म्हणायचे, एक वेळ दगडाला पाझर फुटेल, पण बाबांना नाही.

आणि आता बघ. आधी आलं एक जाडजूड लोकरीचं जाजम, न रंगवलेलं, मेंढीच्या अंगावर होती तशीच काळसर करडी लोकर. ते त्यांनी फरशीवर अंथरलं, पण कडेनं हातभर दगड उघडा ठेवून. मग सुतार आला. त्यानं ओट्यावर एक रुंद लाकडी फळी बसवली, वरून लोण्यासारखी घासलेली आणि पुढच्या कडेला झाडाची साल तशीच. खिडकीला तागाचा भरड पडदा लागला, आणि त्या भरड पडद्याखाली मऊ सुती लोड. मग वेताची खुर्ची, आणि वेत टोचू नये म्हणून तिच्यावर लोकर भरलेली गादी. प्रत्येक वस्तू आली की सासरे हाताची पालथी बाजू आधी तिच्यावर टेकवतात, मग शेजारच्या दगडावर, आणि डोळे मिटून उभे राहतात. पूर्वी दगड निवडताना असंच करायचे म्हणे. माझ्याशी ते थेट बोलत नाहीत हे तुला माहीत आहेच, त्यांना माझ्याशी बोलायचं असलं की ते भिंतीशी बोलतात. परवा भिंतीला म्हणाले, "नुसता दगड अंगावर येतो, नुसती लोकर गुदमरवते. दोघं एकमेकांना धरून राहिले की खोली बसते." मी चहाचा कप ठेवला आणि आत गेले.

खोली छान दिसते, खोटं कशाला बोलू? कापड कापायच्या कामावरून आल्यावर दार उघडलं की पहिल्यांदा लाकडाचा वास येतो. पण मला सांग, हा थाट कुणासाठी? मी विचारलंही. तर भिंतीला म्हणाले, हिवाळा आलाय. आता हिवाळा काय या घरात पहिल्यांदाच आला?

मग एक दिवस कानावर पडलं. मी स्वयंपाकघरात होते आणि सासरे सुताराला सांगत होते, "लेकीला गारठा सोसत नाही. तिच्यासाठीच चाललंय सगळं, तेव्हा रेंगाळू नकोस." माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. लेक त्यांना एकच, माझी नणंद. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून सूनबाई, आणि तेही क्वचितच. म्हणजे नणंद येणार, आणि ती चार दिवसांसाठी नव्हे. चार दिवसांसाठी कुणी फळ्या ठोकून घेत नाही. तिच्या घरी कुरबुरी आहेत हे मला ठाऊक होतंच. मी साळसूदपणे तिला फोन केला, म्हटलं, काय, इकडे यायचा विचार आहे का? तर बाई अडखळली. हवापाण्याचं बोलली आणि मग एकदम म्हणाली, तुझे गुडघे कसे आहेत? आता माझे गुडघे हिला कुठून आठवले? ते दुखतात हे मी तुझ्याशिवाय एकाही माणसाला सांगितलेलं नाही. म्हणजे तूच फोडलंस की काय, अशीही एक शंका येऊन गेली. राग मानू नकोस, पण आली.

खुर्चीचं ऐक. ती आली त्या दिवशी सुतार म्हणाला, वहिनी, जरा बसून बघा. बसले. म्हणाला, आता उठा. उठले. पुन्हा बसा, पुन्हा उठा. कवायत! सासरे ओट्यावरून बघत होते. मी उठताना दात आवळले ते कुणाला दिसू नये म्हणून पदर सारखा केला. सासरे म्हणाले, "अजून चार बोटं उंच कर." मी लगेच ओळखलं. नणंद केवढी ताडमाड आहे, पाहिलं आहेस ना तू? कपड्याच्या दुकानात लाकडी बाई उभी करतात तसा माझा नमुना घेतला, आणि तिच्यासाठी चार बोटं वाढवली. नंतर मी कितीतरी वेळ कपडे वाळत घालत बसले, वाळत घालण्यासारखे फारसे नसताना.

आणि काल तर ह्यांचा फोटो भिंतीवरून गेला. नुसता खिळा. मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं. तू हसशील, पण मला भीती वाटते गं. सून म्हणजे मुलाच्या हाताला धरून घरात आलेली बाई. तो हातच राहिला नाही, तर मी इथे कुणाची कोण? ती माणसं वाईट नाहीत. मला जा असं कुणी म्हणणार नाही. पण लेक कायमची घरी आली की मी माझ्याच चुलीपुढे पाहुणी होईन, आणि ते मला सोसणार नाही. त्यापेक्षा आपणहून निघालेलं बरं. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. तू फक्त हो म्हण.

वरचं सगळं शनिवारी लिहिलं. टपालात टाकायचं राहिलं, कारण रविवारी सकाळी नणंद येऊन थडकली. खांद्याला एक छोटी पिशवी. मोठं सामान मागून येणार असेल, असं मी मनात धरलं. तिनं सगळ्या खोलीभर हात फिरवला, जाजमावर पाय घासले, आणि धपकन त्या वेताच्या खुर्चीत बसली. तेवढ्यात सासरे आतून आले आणि म्हणाले, "ऊठ." ती म्हणाली, का? म्हणाले, "ती लेकीची खुर्ची आहे." ती हसायला लागली, म्हणाली, मग बाबा, मी कोण? "तू पाहुणी. संध्याकाळी जाशील. ओट्यावर बस."

खारुताई, मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, दारात आणखी कुणीतरी आलंय.

दारात कुणी नव्हतं. सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दिवसभर सिमेंटवर उभं राहून कापड कापते, आणि घरी आली की या दगडावर अनवाणी. पायरी चढताना भिंत धरते. सांधे धरले म्हणून काय कुणाला सांगायचं नाही?" मग म्हणाले, "दगड मीच घातलाय ना इथे, त्याची भर पण मीच घालणार." दगडकामात दोन दगडांच्या सांध्यात भर घालतात, तीच ही. नणंदेनं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. जाजम तिनंच पाठवलं होतं. गुडघेदुखीला काय करावं, काय करावं, म्हणून बाबांनी महिनाभर फोन करून भंडावलं म्हणाली, आणि सूनबाईला सांगितलंस तर याद राख म्हणून दमही दिला. तुझ्यावर उगाच शंका घेतली, माफ कर.

मी बसले. समोरच्या भिंतीवर ह्यांचा फोटो परत आला होता, नव्या लाकडी चौकटीत, पहिल्यापेक्षा बराच खाली. पूर्वी बघायला मान वर करावी लागायची, आता बसल्या बसल्या नजरेला नजर भिडते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग चहा ठेवायला उठले, तर कशालाही न धरता उठले. चार बोटं त्यासाठी होती. सासरे तेवढं बघून बागेत निघून गेले.

आता म्हणशील, मग हे पत्र फाडून का टाकलं नाही? त्याला कारण आहे. रविवार होऊन गेला, नणंद तिच्या घरी सुखरूप पोचली, मी रोज त्या खुर्चीत बसते, पण पलंगाखालची बॅग अजून तशीच आहे. काल उघडायला वाकले आणि मनात आलं, असू दे, काय सांगावं? मी स्वतःला ओळखते. तुझी खोली रिकामी आहे तोवर माझी बॅग भरलेलीच राहणार. म्हणून एवढं कर. उद्याच्या उद्या ती खोली कुणालातरी देऊन टाक. आणि दिलीस की मला कळव, म्हणजे मी कपडे कपाटात लावते.

तुझीच,
शंकेखोर