निळ्या सुतळीच्या पेट्या

तारीख ११, मंगळवार सकाळ

भावजींना वहिनीचा नमस्कार. आम्ही इकडे बरे, तुम्हीही बरे असालच असं धरून लिहिते. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा. चौथीत शाळा सुटलेल्या बाईकडून याहून सुवाच्य होणार नाही.

तुमच्या दादांचा गुडघा तसाच. डॉक्टर म्हणाले जिना चढू नका, म्हणून ते दिवसातून दहादा चढतात. धाकटीला नोकरी लागली. गोठ्याचा पत्रा बदलला. सफरचंदं यंदा दिसायला झकास, पण टिकायचं नाव नको. थंड खोलीत महिन्याभरात मऊ पडतात, आतून काळी.

परवा फळं नेणारा गाडीवाला आला होता. म्हणाला, तुम्ही कुठल्याशा गोदामात ओझी वाहता. त्याने बागेचं विचारलं तर म्हणालात, "त्यातलं मला काही कळत नाही." म्हणून हा कागद.

तुमच्या झाडांच्या सहा ओळी दादांनी गेल्या सोमवारी मशीन लावून उपटल्या. म्हणे, सडकं फळ देणारी झाडं कशाला पोसायची? मी खिडकीतून बघत राहिले.

आता लिहूनच टाकते. दोन वर्षं तुम्ही त्या ओळींना कंपोस्ट घातलंत, शेवाळाचा अर्क फवारलात, आणि मी टोमणे मारले. "शेणाच्या पाण्याने फळ टिकतं होय? मग मलाही पाजा, मीही टिकेन." तुम्ही हसलात. मग गेल्या वर्षी ठरलं, पाच पेट्या तुमच्या, पाच आमच्या, दोन महिने थंड खोलीत. तुमच्या टिकल्या तर अर्धी बाग तुमच्या पद्धतीने. तुमच्या पेट्यांना निळी सुतळी.

उघडायच्या आदल्या दिवशी मी एकटी आत गेले. सुतळीच्या पेट्यांतलं फळ चावलं, करकरीत. आमच्या युरियावाल्या पेटीत हात घातला तर बोट रुतलं. वीस वर्षं बाग मी सांभाळली, आणि तुम्ही दोन वर्षांत मला शिकवणार? सुतळ्या सोडल्या आणि सडक्या पेट्यांना बांधल्या. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या सडक्या पेट्यांपुढे उभे राहिलात. दादा म्हणाले, "झालं समाधान?" तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, माझं कुठे चुकलं असेल?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले. त्याच आठवड्यात तुम्ही घर सोडून गेलात.

चुकलं नव्हतं, भावजी. तुमची फळं आम्ही आमची म्हणून विकली. शेवटची पेटी साडेतीन महिन्यांनी उघडली, तरी कडक.

माफी मागून झाडं परत उभी राहत नाहीत, म्हणून मागत नाही. दादांना अजून माहीत नाही. हे पत्र आधी त्यांना वाचून दाखवणार, मगच टपालात टाकणार. त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत. हा कागद तुमच्या हाती पडला तर समजा, त्यांनी ऐकलंय.

वहिनी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमच्या दादांची बायको