डावीकडचं टोक

११ जानेवारी
पुन्हा लिहायला घेतलं. उजवा हात शाबूत आहे, हे केवढं. दिवाळीनंतर डोक्यात रक्ताची गुठळी झाली आणि डावं अंग गेलं. पाय परत आला, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते. हातही थोडा. पण डावी बाजू लक्षातच येत नाही. डोळे ठीक आहेत म्हणतात, मेंदू तिकडे बघायला विसरतो. दोन महिने समजत होते की पथ्य म्हणून मला चटणी-लोणचं वाढत नाहीत. आज ह्यांनी ताट फिरवलं. सगळं होतं.

१४ जाने.
संक्रांत. तिळगुळाआधी कंपू भागातला दवाखाना. डॉक्टर तरुण मुलगी, आमच्या लेकीपेक्षा, मुग्धापेक्षाही लहान असेल. घड्याळ काढायला लावलं. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले मी. मग विचारलं, काम काय करता. म्हटलं, दहावीला गणित शिकवते. ‘शिकवत होते’ नाही म्हणाले मी. ह्यांनी दुरुस्त केलं नाही. चांगलं लागलं.
डॉ. म्हणाली, मग रोज तेच करा. पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढा, ती दिसेपर्यंत बोट सरकवत न्या. आणि निघताना: “मैडम, लेफ्ट में भी दुनिया है.”

१७ जाने.
वाटी ठेवून वर्तुळ काढलं. आत त्रिकोण, तिन्ही टोकं वर्तुळावर. सोपं. हजारदा फळ्यावर काढलंय. मला तर झक्क जमलेलं दिसत होतं. हे हळूच म्हणाले, तिसरं टोक मधेच लटकतंय. डावं टोक. केंद्रापाशीच थांबले होते मी.
रडले. ह्यांनी रडू दिलं. मग चहा.

२ फेब्रुवारी
हे आता माझ्या डाव्या हाताला बसतात. रोज, पेपर वाचून झाला की. रेल्वेत जन्म गेला, दहावीत गणित कसंबसं सुटलं, तेव्हापासून त्या विषयाला लांबूनच नमस्कार. आज स्वतःहून विचारलं, व्यासावरच्या त्रिकोणात काटकोनच का येतो? केंद्रापासून वरच्या टोकापर्यंत रेघ ओढायला लावली. दोन त्रिकोण झाले. तिन्ही त्रिज्या सारख्या, म्हणून प्रत्येकात दोन कोन सारखे. पुढचं ह्यांनीच जुळवलं. मग टोक सरकवून सरकवून चार त्रिकोण काढले, कोनमापकाने मोजले.
“म्हणजे हे टोक कुठेही बसो, काटकोनच?”
तीस वर्षं एका घरात. त्यांनी माझ्या विषयातलं कधी विचारलं नव्हतं, मी त्यांच्या रेल्वेतलं.

२० फेब्रु.
इंदूरहून मुग्धाचा फोन. “आई, छोड़ ना आता शाळा. इकडे ये, आराम कर.” लेकीचं प्रेम आहे, कळतं. पण शाळेतून निरोप आलाय: नवं सत्र एप्रिलमध्ये, तेव्हा प्राचार्यांसमोर एक तास घेऊन दाखवायचा, मग ठरवतील. मुग्धाला हे सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं. म्हणाले, मग उद्यापासून दोन गणितं जास्त.

८ मार्च
जीवा त्रिज्येएवढी. तिची टोकं वर्तुळावरच्या बिंदूशी जोडून त्रिकोण केला, तर त्या बिंदूपाशी कोन किती? केंद्राशी साठ, म्हणून तीस. लिहून मोकळी झाले. ह्यांनी डावीकडच्या लहान कंसावर बोट ठेवलं. “आणि टोक इकडे असलं तर?”
हे दुसरं उत्तर सोडणाऱ्या मुलींना मी किती रागावायचे. मान वळवली. पूर्ण वळवली. कंस दिसला. तीनशेचे निम्मे, दीडशे. कुणी सांगितलं नाही, माझं मीच काढलं. दुपारी ह्यांनी पाटणकर बाजारातून श्रीखंड आणलं. डाव्या बाजूलाच वाढलं, मुद्दाम.

२ एप्रिल
तास झाला.
दाणा ओळीच्या बाजारातून ई-रिक्षाने गेलो. वर्गाच्या दारापर्यंत हे, पुढे मी आणि काठी. प्राचार्या मागच्या बाकावर. मुलींना आधीच सांगून टाकलं, बाईंना डावीकडचं कधीकधी सुटतं, सुटलं तर बता देना. कुणी हसलं नाही. शाळा हिंदी माध्यमाची, शिकवताना हिंदी आपोआप आली, वर्तुळाचं वृत्त झालं. आवाज लागला. पण डावीकडच्या रांगेतला वर केलेला हात दिसला नाही, “मैम, इधर भी,” ऐकू आल्यावर अख्खी वळले. आणि शेवटी फळ्यावर त्रिकोणाच्या दोनच टोकांना नावं दिली, डावीकडचा ब राहूनच गेला. एकीने सांगितलं, मी लिहिला. तिला शाबासकी दिली, मनापासून.
प्राचार्या नंतर म्हणाल्या, “पढ़ाया आपने बहुत अच्छा. लेकिन मुझे सोचना पड़ेगा.” खोटं बोलल्या नाहीत, त्याचंही बरं वाटलं.
येताना रिक्षात मुग्धाला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, आई, फोटो का नाही काढला कुणी.

५ एप्रिल
शाळेचा फोन नाही. होही नाही, नाहीही नाही.
नोव्हेंबरात पलंगावर कूस बदलायला दोन माणसं लागत होती. दोन तारखेला पाऊण तास उभी होते, खडू हातात. जे होईल ते होवो, हे मिळालं.
हे सकाळपासून विशालकोन त्रिकोणाभोवती वर्तुळ काढतायत. बाजूंचे लंबदुभाजक त्रिकोणाबाहेरच भेटतायत, म्हणून चुकलं समजून खोडतात आणि पुन्हा काढतात. चूक नाहीये. तसल्या त्रिकोणाच्या वर्तुळाचं केंद्र बाहेरच असतं. सांगायला गेले तर हाताने थांबवलं.
“सांगू नकोस. मला सापडू दे.”
बरं. बसलेय शेजारी.