खिडकीतले पांढरे मडके

मी, फिलोमेना कोंचो, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार अकोमा, न्यू मेक्सिको, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहिते. कॉलेजात शिकले आहे, वकिलाची गरज नाही. माझ्यावर दडपण आणू शकेल असे एकच माणूस होते, माझी मुलगी लोरेटा. ती गेल्या हिवाळ्यात वारली.

१. आम्हा अकोमा लोकांत घर धाकट्या मुलीला जाते. माझी धाकटी लोरेटाच होती. म्हणून घर तिच्या मुलीला, मर्लिंडाला. भिंती दर वर्षी लिंपाव्यात. सबबी चालणार नाहीत.

२. पाटा, मडकी घोटण्याचे गोटे आणि युक्काच्या पानांच्या कुंचल्या मर्लिंडाला. माती कुठून आणायची ते इथे लिहीत नाही. तिला जागा दाखवली आहे.

३. शिल्लक पैसा माझ्या मरणानंतरच्या जेवणावर खर्चावा. मिरचीचा रस्सा तिखटच हवा. लोरेटाची साच्यातली मडकी 'हातघडणीची' म्हणून विकणाऱ्या दुकानदाराला पंगतीत बसवू नये. तिने त्याला तसे कधीच सांगितले नव्हते.

४. संधिवाताने बोटे वाकल्यावर लोरेटा साच्यातली तयार पांढरी मडकी आणून रंगवू लागली. मी म्हणाले, "ही कसली मडकी?"

"आई, मडकं दुकानातलं, पण रेघ तर माझीच आहे ना? बघ, एक तरी हललीय का?"

हलली नव्हती.

५. नव्या मातीत आम्ही जुनी खापरे दळून घालतो, म्हणजे मडके भाजताना तडकत नाही. माझ्या मातीत माझ्या आईची खापरे आहेत, तिच्या मातीत तिच्या आईची. लोरेटाने हाताने घडवलेले सगळे विकले गेले. उरले ते खिडकीतले एकच, दुकानातून आणून तिने रंगवलेले. ते फोडून, दळून मर्लिंडाने आपल्या मातीत मिसळावे.

माझी बहीण युसेबिया आडवी येईल. ऐकल्याबरोबर ओरडली, "ताई, वेड लागलं का? दुकानचा कचरा आईच्या खापरांत? सगळं फुटेल!"

मी त्या मडक्याच्या काठाचा टवका दळला, एक वाटी घडवली, शेण्यांत भाजली. युसेबियाने टिचकी मारून पाहिली. "वाजते गं," म्हणाली आणि तिथेच रडत बसली. ती वाटी तिला.

६. मडके मीच फोडणार होते. अंगणात नेले आणि परत आणून खिडकीत ठेवले. म्हणून हे काम मर्लिंडाचे. आधी आईच्या रेघांवरून एकदा बोट फिरवावे. मग मागेपुढे न पाहता फोडावे.

स्वाक्षरी: फिलोमेना कोंचो
साक्षीदार: आर्सेनियो व्हायो, क्लॉडिया सेर्नो
अकोमा, १४ मार्च २०१९