आढळलं कुणाला?

आत्या,

तीन दिवस झाले, माझ्या शोधनिबंधाचं पहिलं वाक्य लिहितेय आणि खोडतेय. माझे मार्गदर्शक ओगवाल सर म्हणतात, "नांझिरी, प्रस्तावना शेवटी. आधी काय सापडलं ते लिही." मी लिहिते, "हा पाला मिसळून साठवलेल्या घेवड्याला कीड लागत नाही, असं आम्हाला आढळलं." आणि हात थांबतो. आढळलं कुणाला? तुलाच ना! मसाका गावातल्या तुझ्या घरी चार बायकांसमोर तू हेच सांगितलंस, तेव्हा मी हसले होते. "आत्या, याला शास्त्र म्हणत नाहीत गं." तू मटोके शिजवायला हिरवी केळी सोलत राहिलीस. त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस.

आज लेखकांमध्ये माझ्याआधी तुझं नाव घातलं. सर म्हणाले, "अगं, आत्याबाईंचे शेवटी आभार मान की!" मी म्हटलं, "मग माझंही नाव आभारातच टाका." पण तुझं नाव तुला न विचारता घातलंय. हेही चुकलंच का?

पत्र पाठवलं तर ते शाळेतले मास्तर तुला वाचून दाखवतील. माझी माफी त्यांच्या तोंडून नको. म्हणून हे पाठवत नाही, उद्याच्या पहिल्या बसने मीच येते. दारात उभं करायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
नांझिरी