लाल दोऱ्याच्या बाटलीबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
औषध चाचणी नीतिमत्ता समिती,
नेत्र रुग्णालय, लातूर.

विषय : अर्जदारास औषधाऐवजी नुसते पाणी दिल्याची तक्रार. (परिच्छेद ४ पासून ही तक्रार मागे घेण्यात येत आहे. घरात कोरा फुलस्केप एकच असल्याने विषय बदलता आला नाही.)

संदर्भ : अर्जदाराने न वाचता सही केलेले आपले सात पानी संमतीपत्र.

महोदय,

१. अर्जदार केरबा, सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक, रा. नायगाव, जि. नांदेड, याने एकतीस वर्षे बिलोली तालुक्यातील जनावरांच्या गोचिडांचा बंदोबस्त केला. त्याच गोचिडांचे बारीक भाऊबंद अर्जदाराच्या पापण्यांच्या मुळाशी संसार थाटून बसल्याचे आपल्या डॉक्टरांनी पापणीचे केस उपटून, यंत्राखाली ठेवून दाखवले. चाचणीत घ्यायला जेवढे किडे लागतात त्याच्या दुप्पट निघाले. अर्जदाराची नात लुंबिनी लातुरात दोन वर्षे क्लास लावून मेरिटची वाट बघून राहिली आणि आजोबा बिनक्लासचे पहिल्या फटक्यात निवडले गेले. अर्जदाराने पेढे तेवढे वाटले नाहीत.

२. अर्जदाराची पत्नी भामाबाई हिचीही निवड झाली. तिचे डोळे सकाळी कोमट पाण्याचा बोळा लावल्याशिवाय उघडत नसत. सुईत दोरा ओवता येईना म्हणून तिने दोन वर्षांपासून वाकळ शिवणे सोडले होते. दोघांना एकसारख्या बाटल्या मिळाल्या. एकीत किडे मारायचे औषध असेल, एकीत नसेलही, आणि कोणती कुठली हे आम्हालाही ठाऊक नाही, असे आपल्या लोकांनी सांगितले. बाटलीवरचा क्रमांक मुंगीएवढा. म्हणून भामाबाईने ओळखीसाठी आपल्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला.

३. आज पंचविसावा दिवस. अर्जदाराचे डोळे इतके सुजले आहेत की हा अर्ज तो तोंडी सांगत आहे व भामाबाई लिहीत आहे. तिचे डोळे मात्र लख्ख झाले. यावरून अर्जदाराच्या बाटलीत पाणी आहे हे उघड आहे. एका सेवानिवृत्त कर्मचाऱ्याची अशी थट्टा करणाऱ्यांची चौकशी होऊन कडक कारवाई व्हावी.

४. कारवाईसाठी बाटलीचा क्रमांक लिहिणे आले. भामाबाईने अर्जदाराची बाटली हातात घेतली आणि चष्मा न लावता क्रमांक वाचला. अठरा. संमतीपत्राप्रमाणे अठरा क्रमांक तिचा, अर्जदाराचा सतरा. मग तिने स्वतःची, दोरा बांधलेली बाटली आणून वाचली. सतरा. येथे हा अर्ज सुमारे अर्धा तास बंद राहिला.

५. त्यानंतर अर्जदार कबूल करतो की, दहाव्या दिवशी भामाबाई देवळाकडच्या गिरणीला गेली असता त्याने लाल दोरा तिच्या बाटलीचा सोडून आपल्या बाटलीला बांधला. कारण असे की, थेंब टाकले की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येई आणि अर्जदाराला काहीच होत नसे. जे औषध झोंबते तेच खरे, असे अर्जदार एकतीस वर्षे शेतकऱ्यांना सांगत आला. यावर भामाबाईने सांगितले की त्या आठवड्यात ती वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांचे देठ खुडत होती आणि हात नीट न धुता थेंब टाकत होती. म्हणजे अर्जदाराने स्वतःचे चांगले औषध बायकोला देऊन तिचे पाणी चोरले. जनावरांच्या दवाखान्यात इतका गाढव कधी आला नव्हता.

६. "माझं औषध चोराया निघाले होते म्हणा की," असे ती म्हणाली. अर्जदार "हाव, खरं हाय" म्हणाला, आणि तेही लिही म्हणाला. पंधराव्या दिवशी लातूरला डोळे दाखवून परतताना एस.टी.त त्याने आपली खिडकीची जागा तिला दिली होती, ती या चोरीपोटी, हेही त्याने सांगितले. अर्जदाराला फार लाज वाटत आहे.

७. येत्या गुरुवारी आपण दोघांचे किडे मोजाल. ते चुकीच्या नावावर लागतील. त्या हिशेबाने गुणाचे औषध बिनगुणाचे ठरले तर आमच्यासारख्या कितीतरी जणांचे डोळे चिकटलेलेच राहतील. तरी नोंद दुरुस्त करावी, चाचणीतून काढायचे तर फक्त अर्जदारास काढावे आणि बाटली क्रमांक १७ भामाबाईलाच परत द्यावी. तिने काल वाकळीला हात घातला आहे.

आपला, सपशेल चुकलेला,
(सही) केरबा
नायगाव, दि. १२ मार्च २०२६

सोबत : दोन्ही बाटल्या.

लिहिणारीचा जबाब : साहेब, वरचं समदं ह्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. पण सतरा नंबरची बाटली ह्यांची हाय, ती ह्यांनाच द्या. माझ्या नशिबात पाणी असंल तर पाणी. ह्यांच्या डोळ्यांत थेंब आता मीच टाकीन. अन् काढायचं असंल तर दोघांलाबी संगट काढा. एकट्याला काढलं तर हे मला पुन्हा अर्ज लिहाया बसवतील.

भामाबाई