माशीला सगळीकडे डोकं का नाही

लातूर, गुरुवार, संध्याकाळ

आमच्या क्लासच्या संचालकांना गर्भविकास म्हणजे एका मार्काचा प्रश्न वाटतो. बस्स, तेवढीच त्यांची झेप.

फळमाशीच्या अंड्यात डोकं कुठे, शेपूट कुठे, हे कसं ठरतं? समजावायला मी आज पहिल्या बाकावर अत्तराची बाटली उघडली. म्हटलं, अंड्याच्या एका टोकाला असंच एक प्रथिन तयार होतं आणि पसरत जातं. दाट असेल तिथे डोक्याची जनुकं जागी होतात, विरळ असेल तिथे छातीची. पण वर पंखा चालू. दहा मिनिटांत शेवटच्या बाकापर्यंत सारखाच वास.

बिलोलीची सबा उठली. "मॅडम, आता तर सगळीकडं सारखाच वास येऊन राहिला. अंड्यातबी तसंच होत असंल ना? मग माशीला सगळीकडं डोकंच का येत न्हाई?"

केवढा सुंदर प्रश्न. तेवढ्यात दारातून संचालक म्हणाले, "ए पोरी, आधी तुझ्या डोक्याचं बघ. एका मार्कासाठी किती वेळ?" वर्ग हसला.

आणि मी? त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घरांच्या मदतीसाठी भर सभेत अधिकाऱ्यांना घाम फोडणारी मी त्या पंख्याकडे बघत राहिले. उत्तर तोंडाशी होतं. ते प्रथिन एका टोकाला बनत असतं आणि सगळीकडे सतत मोडतही असतं, म्हणून ते कधीच सारखं होत नाही. एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "पुढचा मुद्दा घ्या."

संचालकांना काही कळत नाही. मला तर कळत होतं.

सबाने वहीतला प्रश्न खोडला. पट्टी लावून, सरळ रेघ मारून.