न आलेला रकाना

३ मार्च

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आज नव्या नोकरीवर रुजू झाले, आणि दिवस प्रसन्न गेला. तिसरा मजला, खिडकीलगतचे टेबल, दोन पडदे, किंचित डुगडुगणारी खुर्ची. कार्यालयाचा प्रमुख तीस वर्षांपूर्वीचा, संगणकाच्या वर्गातला माझा विद्यार्थी. टक्कल पडले आहे. चूक सापडली की कान चोळायची सवय मात्र तीच. बाई, चुका खुशाल काढा, फक्त या वेळी बाकावर उभं करू नका, असे तो म्हणाला तेव्हा सगळी खोली हसली. प्रोग्रामच्या चाचण्या घेणाऱ्या मुलीला इथे 'खडूस' म्हणतात. तिने मला तासाभरात मावशी करून टाकले.

काम मला मानवणारे आहे. रुग्णांची मध्यवर्ती नोंदवही विचारलेल्या प्रत्येक रुग्णाचे उत्तर मजकुराच्या रूपात धाडते. आमचा प्रोग्राम त्या मजकुरातून एक ऑब्जेक्ट घडवतो, म्हणजे ठरलेल्या रकान्यांचा एक भरलेला तक्ता. रुग्णालयातली परिचारिका औषध देताना तोच पाहते. मजकूर आणि रकाने जुळले नाहीत की एरर येतो. तो सोडवणे माझ्याकडे.

६ मार्च

तीन दिवसांत अकरा एरर सोडवले. कुठे आकडा अवतरणचिन्हांत येतो आणि प्रोग्राम त्याला अक्षरे समजतो. कुठे तारखेत महिना आधी. कुठे औषधांच्या यादीऐवजी एकच औषध सुटे येते आणि यादीचा रकाना ते नाकारतो. हे एरर प्रामाणिक असतात. अडले की ओरडतात.

भीती न ओरडणाऱ्यांची. ॲलर्जीच्या रकान्याला तीन अवस्था संभवतात: आहे, नाही, ठाऊक नाही. आमच्या प्रोग्रामला दोनच कळतात. रकाना आलाच नाही, तर प्रोग्राममधली एक ओळ तिथे गुपचूप 'नाही' भरते.

मी इथे योगायोगाने आलेली नाही. सोळा महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला त्याला न चालणारे एक इंजेक्शन दिले गेले. त्या आठवड्यात नोंदवहीने ॲलर्जीच्या रकान्याचे नाव बदलले होते. नवे नाव प्रोग्रामने ओळखले नाही. जुने सापडले नाही. पडद्यावर 'नाही' उमटले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो गेला. चौकशीत 'तांत्रिक दोष' असा शेरा पडला. दोष स्वतःला लिहीत नाही. ओळ कुणीतरी लिहितो.

१० मार्च

ओळ सापडली. शेजारी प्रमुखाची आद्याक्षरे आहेत.

नोंदवहीची सूचनाही आज आली: एकोणीस तारखेपासून त्याच रकान्याचे नाव पुन्हा बदलणार. सूचना फक्त माझ्याकडे येते. वीस तारखेला प्रमुखाचे हर्नियाचे ऑपरेशन आहे. ते इंजेक्शन त्यालाही चालत नाही. एकदा तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, बायकोनं ओळखलं नाही, हे तो सर्वांना रंगवून सांगतो.

मला काहीही करावयाचे नाही. फक्त सूचना दाबून ठेवायची. जे न आल्याने माझा भाऊ गेला, तेच न आल्याने हा जाईल. इतर रुग्णांचे काय, हा आक्षेप सुचला. तो मी खोडला नाही, बाजूला ठेवला.

१३ मार्च

दोन वाजून दहा मिनिटांनी एक एरर. बंद झालेल्या नोंदीचे उत्तर. रुग्ण क्रमांक माझ्या भावाचा. अनोळखी रकाना, नाव 'ताई', आत काही नाही.

कुणाची तरी थट्टा असावी, असे प्रथम मानले. पण इथे मी कुणाची बाई, कुणाची मावशी. ताई म्हणणारा एकच होता. खडूसला दाखवले. मावशी, पडदा कोरा आहे, चष्मा बदला, असे तिचे म्हणणे.

१६ मार्च

रोज दोन वाजून दहा. आज रकाना भरलेला होता: 'पान ४१'.

कशाचे पान, हे प्रमुखाच्या तोंडून कळले. चहा पिताना तो सहज म्हणाला, बाई, रकाने भरणारा तुमच्या वर्गातल्या टिपणवहीतला तो तुकडा मी जसाच्या तसा उचललाय हं, एका अक्षराला हात नाही लावला, अजून धावतोय बिचारा. केवढ्या अभिमानाने म्हणाला.

घरी येऊन कपाटातली वही काढली. पान एकेचाळीस. तीच ओळ. खाली माझ्याच अक्षरात: 'उदाहरण सोपे राहावे म्हणून, रकाना न आल्यास "नाही" धरावे.'

युक्तिवाद अबाधित आहे. आरोपी तेवढा बदलला.

१८ मार्च

प्रमुखाला सूचना दाखवली. आठ दिवस दाबून ठेवली होती, हे सांगितले नाही. रकान्याचे नवे नाव घातले, ती ओळ काढली. रकाना न आल्यास प्रोग्राम आता थांबेल, ओरडेल. खडूसने शंभर नोंदी तपासल्या, सगळ्या बरोबर. मग मी माझा क्रमांक घातला. मलाही ते इंजेक्शन चालत नाही; आमच्या घरातच आहे ते.

ॲलर्जी: नाही.

ओळ काढलेली आहे. तीनदा पाहिले. तरी — नाही. इतर प्रत्येकाचे बरोबर. फक्त माझे —

१९ मार्च

नोंदवहीच्या लोकांना फोन केला. तुमचा रकाना आम्ही धाडतोय, असे ते म्हणतात. इकडे पोचत नाही. मधे कुणीतरी काढून घेते आहे.

दोन वाजून दहा. रकाना 'ताई'. आत: 'उद्या'.

२० मार्च, सकाळ

प्रमुखाचे ऑपरेशन नीट पार पडले. त्याला भेटून सर्व सांगायचे ठरवले. रुग्णालयात जाते आहे. जिना चढायचा नाही. काहीही झाले तरी तिथे आडवे व्हायचे नाही.

२० मार्च, दुपार

लिफ्ट बंद होती. जिन्यातच चक्कर येऊन पडले, कपाळ फुटले म्हणतात. डोळे उघडले तो हाताला सलाईन. वही पिशवीत होती.

सलाईनमध्ये सोडलेल्या इंजेक्शनचे नाव परिचारिकेला विचारले. तेच. मला चालत नाही म्हटले, दोनदा. तिने उशाचा पडदा पाहिला. इथं नाही लिहिलंय आजी, घाबरू नका, नुसती टाके घालायची तयारी आहे, म्हणाली. प्रेमाने म्हणाली. गेली.

ओठ जड. घशात —

सुई काढली. उशीर झाला असावा. पडद्यावर माझा तक्ता. ॲलर्जी: नाही. त्याखाली एक रकाना, मी कधी न लिहिलेला. 'भाऊ'.

दोन वाजून नऊ.

बेल दाबते आहे. मी वहीत लिहिले तेव्हा मला ठाऊक नव्हते रे, उदाहरण सोपे —

रकाना भरतो आहे. भाऊ: आ